आकड्यांत रेखाटलेले स्वभाव

श्रोतेहो, नमस्कार. फेब्रुवारी १९९६ मध्ये जपानमध्ये ‘पोकेमॉन’ हा व्हिडिओ गेम बाजारात आला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यातल्या काल्पनिक प्राण्यांची, डाव मांडून खेळायची कार्डेही आली. अमेरिकेत ती इंग्रजीतून १९९९ च्या जानेवारीत पोहोचली. तिथला पहिला संच १०२ कार्डांचा होता. या कार्डांविषयी बोलताना बहुधा त्यांच्या किमतींचीच चर्चा होते. मला मात्र एका छोट्या कार्डावर, मोजक्या आकड्यांत, प्राण्याचा स्वभाव कसा उभा केला आहे, हे अधिक विलक्षण वाटते.

मॅजिकार्प हा मासा पाहा. मूळ व्हिडिओ गेममध्ये तो अगदीच निरुपयोगी म्हणून प्रसिद्ध आहे. कार्डावर त्याची प्राणशक्ती अवघी ३० आहे आणि त्याचा एक हल्ला असा, की त्याला स्वतःला जितकी इजा झाली असेल तितकीच इजा तो समोरच्याला करतो. इजा दहा-दहाच्या खुणांनी मोजली जाते. त्यामुळे दोन खुणा पडल्या की त्याची फडफड वीसपर्यंत पोहोचते आणि तिसरी खूण पडताच तो डावातून बाद होतो. मरणाच्या उंबरठ्यावरच जोर येणारा हा दुबळा जीव एका नियमातून डोळ्यांसमोर येतो. आणि हाच मासा पुढे रूप पालटून १०० प्राणशक्तीचा ग्यारॅडॉस होतो. पिकाचूची तऱ्हा निराळी: त्याच्या ३० इजेच्या विजेच्या झटक्यानंतर नाणे उडवायचे, काटा पडला तर त्याला स्वतःलाही १० इजा होते.

मित्सुहिरो आरिता यांनी चितारलेला चारिझार्ड या संचातला सर्वांत हवाहवासा. मात्र तो डावात आणायचा तर आधी चारमँडर, मग चारमेलियन, अशा त्याच्याच आधीच्या रूपांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. त्याच्या १०० इजेच्या ज्वाळांसाठी चार एनर्जी कार्डे, म्हणजे हल्ल्याला बळ पुरवणारी कार्डे, लागतात आणि दर हल्ल्याला त्यांतली दोन टाकून द्यावी लागतात. हातातून एका पाळीत एकच एनर्जी कार्ड लावता येत असल्याने ही भरपाई फार महाग पडते. संतापी, उधळ्या प्राण्याला हा नियम शोभतो खरा, पण डाव जिंकायला तो सोयीचा नाही.

म्हणूनच त्या काळच्या ‘हेमेकर’ नावाने गाजलेल्या साठ कार्डांच्या कॅटात जागा मिळाली ती हिटमॉनचॅनसारख्या साध्या मुष्टियोद्ध्याला, कारण ७० प्राणशक्तीचा हा गडी थेट मैदानात उतरतो आणि एकाच एनर्जी कार्डावर २० चा ठोसा लगावतो. संग्राहकांच्या बाजारात मात्र त्याला चारिझार्डच्या जवळपासही भाव नाही. तिथे आरितांच्या चित्राचा आणि चमकत्या कागदाचा मान मोठा, आणि ते चित्र पाहिल्यावर मलाही त्यात नवल वाटत नाही.