पाचवं पत्र

नमस्कार, श्रोतेहो.

दुसऱ्या महायुद्धात आपल्या कोकणातले किती खलाशी समुद्रावर होते! 1939 साली रॉयल इंडियन नेव्हीत दोन हजारही माणसं नव्हती आणि त्यांतले पुष्कळसे रत्नागिरी जिल्ह्यातले, विशेषतः कोकणी मुसलमान घरांतले. 1945पर्यंत हाच आकडा पंचवीस हजारांच्या वर गेला. त्यांच्या पत्रांबद्दल आज बोलायचंय.

पत्रात बोटीचं नाव लिहायचं नाही, बंदराचं नाही, पुढे कुठे निघालो तेही नाही. नाव नाही, ठिकाण नाही. पत्र आधी अधिकारी तपासणार, नको ते काळं करणार. मग उरायच्या त्या घरच्या चौकश्या. म्हैस व्याली का, कौलं परतली का. बोट बंदराला लागेपर्यंत टपाल बोटीवरच, म्हणून महिनोन्‌महिने काही नाही आणि मग एकदम गठ्ठा.

माझ्या आजोळी असाच गठ्ठा आला. मोठा मामा आरमारात. 1944, होळीच्या आधीचे दिवस. तीन महिने चिठ्ठी नाही. आजी कुणाला काही विचारायची नाही, पण पोस्टमन पाणंदीत दिसला की तिच्या हातातलं काम थांबायचं. आणि एके दिवशी पाच पत्रं! आजीला वाचता येत नव्हतं. घरात वाचणारी माझी आई, दहा वर्षांची. मुलीच्या जातीला शाळा कशाला, असं म्हणणारे तेव्हाही होते, आजही भेटतात, आणि मला त्यांचा मनापासून राग येतो.

आई पाचही फोडायला बसली. आजी म्हणाली, "एकच. रोज एक वाच. तेवढे दिवस तो घरात राहील."

शिक्के बघून आईने पत्रं ओळीने लावली. दिवेलागणीला शुभंकरोति झालं की कंदिलापाशी वाचन. रॉकेलची टंचाई, म्हणून वात बारीक. दुसऱ्या पत्रात एक ओळ काळी केलेली. आजीने तिच्यावरून बोट फिरवलं. "इथे काय होतं गं?"

"खोडलंय."

"म्हणजे तो तिथेच आहे," आजी म्हणाली.

चौथ्या संध्याकाळी वाचन चालू असताना कुत्रं भुंकलं. खळ्यात मामा! डोक्यावर ट्रंक, पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले. आल्या आल्या म्हणाला, "हर्णैला कुणीच कसं आलं नाही? बैलगाडी पाठवा म्हणून पत्र टाकलं होतं की!"

सगळ्यांच्या नजरा देवळीकडे गेल्या. पाचवं पत्र तिथे होतं, न फोडलेलं.

आजीने पाय धुवायला पाणी दिलं, गरम भात वाढला. जेवणं झाली. मग तिने देवळीतलं पत्र काढून मामाच्याच हातात दिलं. "उद्याचं आजच वाच."

मामा कंदिलापुढे मांडी घालून बसला आणि स्वतःचं पत्र "ती. आईस साष्टांग नमस्कार"पासून सहीपर्यंत मोठ्याने वाचलं. "रजा मिळाली, येतो आहे," ही ओळ आजीने त्याला दोनदा वाचायला लावली.