या आठवड्यात वाडा, पुढच्या आठवड्यात जंगल

नमस्कार मंडळी! नागपुरातला मे महिना तुम्हाला माहीतच आहे, दुपारी घराबाहेर पडायची सोय नाही, कूलर लावायचा आणि पुस्तक घेऊन आडवं व्हायचं. तर मी सध्या काय वाचून राहिले आणि पुढच्या आठवड्यात काय वाचणार, ते आज सांगते.

हातात आहेत महेश एलकुंचवारांची तीन नाटकं. 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त', तिन्ही ओळीनं. पहिलं नाटक तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल, १९८५ साली विजया मेहतांनी ते रंगमंचावर आणलं, पण पुढची दोन वाचलेले लोक मला फार कमी भेटतात आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण धरणगावच्या देशपांड्यांची गोष्ट पहिल्या नाटकात नुसती सुरू होते.

वडील गेलेत, मुंबईहून मुलगा सुधीर आणि त्याची बायको अंजली आलेत, वाड्यात बंद पडलेला ट्रॅक्टर गंजून राहिलाय, आणि घरात वाद चाललाय तो तेराव्याचा खर्च कुठून करायचा याचा. पैसा नाही पण इभ्रत सोडवत नाही. त्यात रात्रीचा एक प्रसंग आहे, घरातले सगळे दागिने वहिनी अंगावर घालते तो. एवढे दिवस चुलीपुढे राबणारी बाई त्या क्षणी घराण्याची थोरली सून म्हणून उभी राहते, आणि तेच दागिने पुढे कुठे जातात हे कळल्यावर मला तर पुढचं पान उलटवेना. घरातली मुलगी प्रभा, तिचंही तसंच. तिला शिकायचं होतं, शिकू दिलं नाही, बस, पण तिचं प्रत्येक वाक्य त्या जागेवरूनच येतं.

आणि नाटक मोठ्यानं वाचा बरं का! आमच्याकडे रात्री जेवणं झाली की आम्ही वाटून वाचतो. माझ्या वहिनीचं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं, एलकुंचवारांचा जन्म पण त्याच जिल्ह्यातला, पारव्याचा, तर ती वाचायला लागली की ते बोलणं आपोआप बरोबर पडतं, कुठे थांबायचं तेही तिला सांगावं लागत नाही. मी एकटीनं मनात वाचलं तेव्हा नाटकातल्या आईचे दोन-दोन शब्दांचे संवाद नुसते उरकून गेले होते. 'युगान्त' अजून अर्धं राहिलंय. त्यात दुष्काळ आहे, सगळं उजाड झालंय, आणि बाहेर आपला हा उन्हाळा, म्हणून ते जरा जपून, थोडं थोडं वाचतेय.

पुढच्या आठवड्यात मारुती चितमपल्लींचं 'चकवाचांदण', त्यांचं आत्मचरित्र. जन्म सोलापूरचा, पण वनखात्याच्या नोकरीतली कितीतरी वर्षं आपल्या विदर्भातल्या जंगलांत गेली, नवेगावबांधला तर ते असे रमले की तिथल्या तळ्यावरचे पक्षी, मासे धरणारे कोळी, ढीवर, सगळे त्यांच्या लिखाणात आले. २०२५ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. तेव्हापासून हे पुस्तक मनात होतं. जाडजूड आहे, एका आठवड्यात संपणार नाही आणि मला संपवायचंही नाहीये, नवेगावबांधचा भाग आला की तिथेच मुक्काम करणार. जंगल म्हणजे फक्त वाघ आणि जिप्सी असं ज्या पोरांना वाटतं ना, त्यांना यातली दहा पानं वाचून दाखवा, झाडावरचं घरटं कसं बघायचं, किती वेळ गप्प बसायचं, हे या माणसानं आयुष्यभर केलंय आणि आपल्या मराठीत लिहून ठेवलंय.

मध्ये कधी वेळ मिळालाच तर ग्रेस यांच्या 'संध्याकाळच्या कविता' आहेतच उशाशी, त्या रोज एकच, जास्त नाही.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर 'वाडा चिरेबंदी'पासूनच करा, एका बैठकीत होतं, आणि वाचनालयात जाल तेव्हा पुढची दोन्ही सोबतच मागून घ्या.