पद्मिनीचे ब्रेक परत परत का धरतात

मंडळी, प्रीमियर पद्मिनी गाडीचे दोन मालक भेटले की थोड्या वेळात विषय ब्रेकवर येतोच. काम करून घेतलं, काही दिवस बरे गेले, की परत चाक धरतं, म्हणजे पेडल सोडलं तरी ब्रेक सुटत नाही. मग आधी व्हील सिलिंडरची (चाकातला, शू दाबणारा छोटा सिलिंडर) किट, पुढच्या वेळी लायनर (शूवरचं घासणारं अस्तर), त्याच्या पुढच्या वेळी अख्खा मास्टर सिलिंडर (पेडलपाशी ऑईल ढकलणारा मुख्य सिलिंडर), पैसे गेले आणि गाडी तिथंच. माझं म्हणणं एवढंच की पार्ट बदलायच्या आधी प्रेशर कुठे अडकलंय ते शोधा. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली, रोज हेच ब्रेक खोलणारे हात आता कमी होत चाललेत, त्यामुळे मालकाला स्वतःला हे कळायलाच हवं.

गाडी सपाट जागेवर घ्या, चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) लावा, नीट टेकू देऊन धरलेलं चाक उचला आणि त्याच चाकाचं निपल (ब्रेक ऑईल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) जरासं ढिलं करा. ऑईल पिचकारीसारखं उडालं आणि चाक मोकळं फिरलं तर प्रेशर आत कोंडलंय, आणि नाही फिरलं तर भानगड मेकॅनिकल आहे म्हणजे शूची स्प्रिंग, गंजलेला पिस्टन नाहीतर मागच्या चाकाला हँडब्रेकची केबल. प्रेशर कोंडलं असेल तर निपल बंद करा, पेडल दाबून परत जाम करा, आणि आता मास्टर सिलिंडरपाशी पाईप ढिला करा. तिथे सुटलं तर दोष वरचा. तिथे सुटत नाही पण निपलला सुटतं, तर मधला रबरी होज आतून फुगलाय. बाहेरून तो अगदी चांगला दिसतो हो, म्हणूनच कोणी त्याला हात लावत नाही!

आता वरचा दोष. थंड गाडी छान चालते आणि सायनच्या ट्रॅफिकमध्ये तापल्यावर चारही चाकं धरतात, तर बहुतेक पुशरॉडला, म्हणजे पेडलपासून मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला ढकलणाऱ्या दांडीला, फ्री प्ले (थोडी मोकळी जागा) नाहीये. पेडल सोडलं तरी पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑईल टाकीत परत जायचं बारीक भोक झाकलेलं राहतं, ऑईल तापून फुगतं आणि जायला जागाच नसते. यात नवा पार्ट लागतच नाही, फक्त अॅडजस्टमेंट.

आणि ऑईल बदला, कृपा करून बदला. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑईल हवेतलं पाणी ओढतं, नवं असताना उकळायला किमान २०५ अंश लागतात, पाणी मुरलं की हाच आकडा १४० पर्यंत खाली येऊ शकतो, शिवाय सिलिंडर आतून गंजतो. आपल्याकडचा पावसाळा आणि सोसायटीत कव्हरखाली महिनोन्‌महिने उभी गाडी, म्हणजे दोन वर्षांच्या पुढे ते ठेवूच नका. इंजिन ऑईलचा तर थेंबही नको, सगळी रबरं फुगतात.

काम झालं की चेंबूरपर्यंत एक चक्कर मारा आणि प्रत्येक चाकाच्या ब्रेक ड्रमच्या जवळ हात नेऊन बघा, चिकटवू नका. डावं-उजवं सारखंच तापलेलं हवं, एक बाजू जास्त गरम लागली तर गाडी परत जॅकवर.