कापणीचा सण आणि बॉस्टनचे ऋण

(बॉस्टन परिसरातल्या मराठी मंडळाच्या दिवाळी मेळाव्यात केलेले भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

माननीय अध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य, ज्येष्ठ मंडळी आणि बालमित्रांनो, आपणा सर्वांना नमस्कार आणि जय ख्रिस्त.

दिवाळीच्या मेळाव्यात एका ख्रिस्ती कुटुंबाला बोलायला उभे करावे असे कार्यकारिणीला वाटले, याचा मला मनापासून आनंद आहे. विषयही त्यांनीच ठरवून दिला : परदेशातील आमचे जीवन, श्रद्धा आणि कृतज्ञता. चर्चमध्ये वाढलेल्या माणसाच्या तोंडी ‘सगळी देवाची कृपा’ हे वाक्य इतके सहज येते, की ती कृपा कोणाकोणाच्या हातून आपल्यापर्यंत पोहोचली हे सांगायचे राहूनच जाते. आज ते सांगावे असे मी ठरवले आहे.

आमचे घराणे नगर जिल्ह्यातले, नेवासे तालुक्यातले. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली त्याच तालुक्यातल्या एका खेड्यात, गावकुसाबाहेर, माझ्या पणजोबांच्या आधीच्या पिढीने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. गावच्या विहिरीवर ज्यांना पाणी भरता येत नव्हते त्यांच्या मुलांच्या हाती मिशनच्या शाळेने पाटी दिली. ‘पोटासाठी बाटले’ असे त्यांच्याविषयी पुष्कळदा बोलले गेले. दुष्काळाने पोट जाळलेल्या माणसाने भाकरी घेतली तर त्यात लाज वाटण्यासारखे काय आहे, हे मला अजूनही कळलेले नाही. आणि केवळ भाकरीसाठी घेतलेला धर्म पाच-सहा पिढ्या टिकत नाही.

आजीच्या गावचा कापणीचा सण हा माझ्या लहानपणीचा सर्वांत मोठा सोहळा होता. बाजरी घरात आली की एका रविवारी प्रत्येक घर आपल्या पहिल्या उत्पन्नातले काहीतरी देवळात आणत असे. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणत. कोणी पायलीभर बाजरी आणी, कोणी तुरीच्या शेंगा, कोणी पाय बांधलेली कोंबडी, आणि ज्यांच्याकडे शेत नव्हते ते अंडी किंवा विणलेली टोपली आणत. उपासना संपली की खणखणीत आवाजाचा एखादा वडीलधारा माणूस पायरीवर उभा राहून लिलाव पुकारी. एकच भोपळा तीन-तीनदा विकला जाई, कारण घेणारा पैसे भरून तो पुन्हा अर्पण करी. शेवटी तो ज्याच्या घरी जाई त्याने सगळ्यांत कमी पैसे दिलेले असत, आणि त्याला तो तसा मिळावा हेच तर सगळ्यांच्या मनात असे.

आता बॉस्टनकडे येते. आम्ही या भागात नोकरीच्या निमित्ताने आलो, तेव्हा येथून तासाभराच्या आत असलेल्या सेलम गावाशी आमचे काही नाते असेल याची मला कल्पना नव्हती. त्या गावात 6 फेब्रुवारी 1812 रोजी पाच तरुणांना धर्मप्रसारासाठी दीक्षा देण्यात आली. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला ते नको होते, त्यांना परत पाठवण्याचा घाटही घातला गेला, पण ते टिकून राहिले आणि त्यांच्या प्रयत्नांतून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. 1831 मध्ये हे मिशन नगरला पोहोचले आणि 1842 मध्ये तेथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले. सिंथिया फरार या अमेरिकन बाईंनी नगरला मुलींच्या शाळा चालवल्या; त्या शाळा महात्मा फुले यांनी पाहिल्या होत्या आणि सावित्रीबाईंच्या अध्यापन-प्रशिक्षणाशीही फरारबाईंचे नाव जोडलेले आहे. याच बॉस्टनमध्ये 1887 साली पंडिता रमाबाईंच्या मदतीसाठी संस्था स्थापन झाली, तिच्या पैशांवर 1889 साली मुंबईत विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन सुरू झाले, आणि त्या सदनात शिकलेल्या गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे म्हणून महर्षी कर्व्यांच्या संसारात आल्या. म्हणजे हे ऋण एकट्या ख्रिस्ती समाजाचे नाही. या सभागृहातल्या अनेक घरांच्या पणजीच्या शिक्षणात बॉस्टनचा थोडा तरी वाटा असावा.

पण उपकार मानताना डोळे मिटून चालत नाही. येथे दर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंग हा कृतज्ञतेचा सण साजरा होतो, तेव्हा इंग्लंडहून आलेल्या वसाहतकऱ्यांच्या 1621 सालच्या प्लिमथमधल्या मेजवानीची आठवण काढली जाते. ज्या वाम्पानोआग या मूळ रहिवासी लोकांच्या मदतीने त्या नवागतांचा निभाव लागला, त्यांच्या जमिनी पुढे गेल्या आणि माणसेही गेली. म्हणून 1970 पासून प्लिमथमध्ये त्याच दिवशी मूळ रहिवासी शोकदिन पाळतात. आमच्या घरी त्या दिवशी जेवणाआधीच्या प्रार्थनेत त्यांचाही उल्लेख होतो. मुलांना हे शाळेत कळण्याआधी घरात कळावे, असा माझा आग्रह होता. गावकुसाबाहेरून आलेल्या माणसांना दुसऱ्याचे गावकूस दिसले नाही तर आमच्या श्रद्धेला फारसा अर्थ उरत नाही.

आमची मराठी उपासना महिन्यातून एकदा काँग्रिगेशनल या प्रोटेस्टंट पंथाच्या एका चर्चच्या तळघरातल्या दालनात होते. नगरला मिशन पाठवणारे लोक मुख्यतः याच पंथाचे, हा योगायोग आमच्या पाळकसाहेबांना फार आवडतो. पेटी आहे, तबला आहे, झांजा आहेत, आणि रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने आहेत. तुकारामांच्या अभंगांवर पोसलेला तो कवी 1895 मध्ये ख्रिस्ती झाला, पण त्याच्या भक्तीने अभंगाची चाल सोडली नाही. म्हणून आमच्याकडे येशूचे नाव टाळांच्या गजरात घेतले जाते, आणि खाली उतरून डोकावणाऱ्या अमेरिकन मंडळींना आपण चुकीच्या दारात तर आलो नाही ना, अशी शंका येते. रविवारी सकाळी आम्ही त्यांच्या इंग्रजी उपासनेलाही जातो. त्या लोकांनी आम्हाला फार प्रेमाने सामावून घेतले. तरी घरात कोणी आजारी पडले की तोंडातून येते ते तेविसावे स्तोत्र, ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’, मराठीतच.

काही वर्षांपूर्वी माझ्या पतीची नोकरी गेली. एच-वन-बी या नोकरीशी जोडलेल्या व्हिसावर असलेल्यांना हे वेगळे सांगायला नको : साठ दिवसांत दुसरी नोकरी किंवा परतीचे तिकीट. मुलीची शाळा, घराचा करार, गाडीचे हप्ते, सगळेच टांगणीला लागले. त्या दिवसांत आम्ही प्रार्थना केली आणि या मंडळातल्या माणसांनी फोन केले. एका काकांनी ह्यांचा अर्ज स्वतः बसून नव्याने लिहून काढला. चतुर्थीचा उपास असलेल्या एका वहिनींनी स्वतः न खाता आमच्यासाठी वरण-भात, भाजी आणि पोळ्यांचा डबा आणला. दुसरी नोकरी मुदतीच्या आत मिळाली ती अशाच एका फोनमधून. प्रार्थनेचे उत्तर गणपतीच्या आरतीला टाळ्या वाजवणाऱ्या हातांनी आले, यात आम्हाला काहीच विसंगत वाटले नाही.

‘आडनाव तर आपले आहे, मग तुम्ही ख्रिस्ती कसे?’ हा प्रश्न आम्हाला या मंडळातही विचारला गेला आहे. विचारणाऱ्याचा राग येत नाही, पण दर वेळी तोच खुलासा करताना थोडा थकवा येतो, हे आज सांगून टाकते. नाताळात आमच्या घरी करंज्या, चकल्या आणि शंकरपाळेच होतात. तळणाच्या वासावरून दिवाळी की नाताळ हे ओळखून दाखवणाऱ्याला मी एक डबा बक्षीस देईन.

येत्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या रविवारी, त्याच दालनात आमचा कापणीचा सण आहे. शेत कोणाकडेच नाही, त्यामुळे परसातले टोमॅटो, घरचे लोणचे, विणलेली टोपी, काहीही चालेल. लिलावाचे पैसे गावातल्या अन्नछत्राला जातात. जिवंत कोंबडी मात्र आणू नये, कारण दालनाच्या करारात तशी अट आहे. आणि लिलाव पुकारायला खणखणीत आवाजाचा माणूस आम्हाला अजून मिळालेला नाही. आज आरती म्हणताना ज्यांचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोहोचला, त्यांनी कृपया मला चहाच्या वेळी भेटावे.