प्रश्न विचारल्यानंतरचा तास

श्रोतेहो, नमस्कार.

परीक्षा जवळ आल्या की पुण्यातल्या शाळा-कॉलेजांत तणावमुक्तीची व्याख्यानं लागतात. सभागृहात पाचसहाशे मुलं, दीड तास भाषण, शेवटी आभारप्रदर्शन. हिंजवडीकडच्या कंपन्यांत असाच कार्यक्रम १० सप्टेंबरला, म्हणजे जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिनाला होतो. हेतू चांगलाच असतो. पण ज्याच्या मनात त्याच वेळी जीव द्यायचे विचार घोळताहेत, तो पाचशे जणांत हात वर करून काय विचारणार? आणि उद्या सकाळी त्यानं कुणाचं दार वाजवायचं, हे त्या दीड तासात कुणी सांगत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ जणांचा आत्महत्येनं मृत्यू झाला. त्यात १३,०४४ विद्यार्थी होते. राज्यांमध्ये सर्वाधिक नोंद महाराष्ट्रात झाली, २२,७४६. म्हणून हा विषय शिकवायचा तर नीट शिकवायला हवा.

नीट म्हणजे कसा? युरोपातल्या १० देशांत, १६८ शाळांमधल्या ११ हजारांहून अधिक मुलांवर एक मोठा अभ्यास झाला. तो २०१५ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. काही शाळांत फक्त शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, काही ठिकाणी मुलांची तपासणी केली, आणि काही शाळांत मुलांनाच चार आठवड्यांत मिळून पाच तास शिकवलं. त्यात चर्चा होती, भूमिका वठवणं होतं. वर्षभरानं पाहिलं, तर या तिसऱ्या गटात आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण नुसती माहिती दिलेल्या शाळांच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास आलं होतं. पहिल्या दोन गटांत तसा ठळक फरक दिसला नाही. पाच तास म्हणजे काही फार नाही. आपल्या वेळापत्रकात ते सहज बसतात.

पण सुरुवात मुलांपासून करू नका. आधी मोठी माणसं तयार करा. वर्गात हा विषय निघाला की त्याच आठवड्यात एखादी मुलगी हळूच बाईंकडे येते, आणि बाईंना पुढं काय करायचं ते माहीत नसेल तर त्या घाबरतात. घाबरलेला माणूस उपदेश करतो. "अगं, आईवडिलांचा तरी विचार कर!" एवढं ऐकलं की मुलगी गप्प होते आणि पुन्हा येत नाही.

शिक्षकांसाठी, सुपरवायझरसाठी तीन तासांचं सत्र ठेवा, १५ ते २० जणांचं. त्यातला निम्मा वेळ सरावाला द्या. तिघातिघांचे गट करायचे: एक बोलणारा, एक ऐकणारा, एक नुसता पाहणारा. पाच-पाच मिनिटांनी भूमिका बदलायच्या. सराव कशाचा, तर एकच प्रश्न मोठ्यानं विचारण्याचा.

इथेच आपली जीभ अडखळते. आपण काय विचारतो? "वेडंवाकडं काही करणार नाहीस ना?" या प्रश्नातच त्याचं उत्तर दडलेलं आहे. समोरचा "नाही" म्हणतो, आपल्याला हायसं वाटतं आणि बोलणं तिथंच संपतं. त्याऐवजी स्पष्ट, सावकाश विचारायचं, "इतका त्रास होतोय, तर तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" आणि मग गप्प बसायचं. दहा सेकंद, वीस सेकंद. ती शांतता आपण बोलून भरायची नाही. असं विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरतो, ही भीती निराधार आहे. उलट बऱ्याच जणांना सुटल्यासारखं वाटतं.

उत्तर "हो" आलं, तर पुढचा तास महत्त्वाचा. त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, स्वच्छतागृहापर्यंतसुद्धा नाही. विचार कधीपासून आहे, काही ठरवलंय का, घातक वस्तू हाताशी आहे का, हे विचारायचं. असेल तर ती आधी दूर करायची. तीव्र ऊर्मी अनेकदा काही वेळानं ओसरते, तेवढा वेळ माणसाची सोबत आणि त्या वस्तूपासून अंतर दोन्ही लागतात. "कुणाला सांगणार नाही" असं वचन चुकूनही देऊ नका. म्हणा, "हे मी चारचौघांत बोलणार नाही. पण तुला जपायला ज्यांची मदत लागेल त्यांना सांगावं लागेल, आणि सांगण्याआधी तुला कल्पना देईन." मग शेजारी बसूनच टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर फोन लावा. तो चोवीस तास सुरू असतो, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. धोका समोर दिसत असेल तर ११२, किंवा सरळ जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग. पालकांना बोलवायचंच असतं, पण घरीच मारहाण किंवा अत्याचार होत असेल तर आधी समुपदेशकाशी बोला. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे.

"पोलीस केस होईल" या धास्तीनं घरचे लोक उपचार टाळतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं, की प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरून चालायचं आणि तिला शिक्षा करायची नाही. प्रत्येक प्रशिक्षणात हे कलम वाचून दाखवा.

आता मुलांचे पाच तास. पहिला तास शब्दांना द्या. आपल्या मुलांकडे सगळ्यासाठी एकच शब्द असतो, "टेन्शन". फळ्यावर तो मधोमध लिहा आणि विचारा, यात नेमकं काय काय आहे? थोड्या वेळानं येतं: लाज. भीती. वर्गासमोर झालेला अपमान. कुणी जेवायला हाक मारत नाही, तो एकटेपणा. लाजेवरचा उपाय वेगळा, भीतीवरचा वेगळा. नाव कळल्याशिवाय मदत मागता येत नाही. मग मुलांना हेही शिकवा, की मैत्रिणीनं असं काही सांगितलं तर ते गुपित ठेवायचं नाही. कोणत्या दोन मोठ्या माणसांना सांगायचं, त्यांची नावं प्रत्येकानं वहीत लिहायची.

पेठांमधल्या अभ्यासिका या सगळ्यातून निसटतात. तिथं ना वर्गशिक्षक, ना पालकसभा. स्पर्धा परीक्षेचा चौथा प्रयत्न, कॉट बेसिसवरची खोली, आणि "यंदा दिवाळीला गावी जात नाही, कोणत्या तोंडानं जाऊ?" हे वाक्य. ते मेसच्या काकूंच्या, अभ्यासिका चालवणाऱ्या दादांच्या कानावर आधी पडतं. त्यांना प्रशिक्षणाला बोलवा, आम्ही आग्रहानं सांगतो. मेसचा डबा न उचलणं, पुस्तकं वाटून टाकणं, फार अस्वस्थ असलेला मुलगा अचानक शांत होणं, ही धोक्याची चिन्हं त्यांनाच दिसतात.

कंपनीत घोडं अडतं ते मूल्यमापनापाशी. जो साहेब रेटिंग देतो, त्याच्यापाशी मन मोकळं कोण करेल? म्हणून मदतीसाठी नेमलेली माणसं रेटिंग देणाऱ्यांच्या साखळीबाहेरची असावीत. चाकणच्या कारखान्यात ती तिन्ही पाळ्यांत हवीत, कारण दुपारी दोनला भेटणारे समुपदेशक रात्रपाळीच्या कामगाराच्या काही उपयोगाचे नाहीत.

आणि उपचार घेऊन माणूस कामावर किंवा वर्गात परत येतो, तो दिवस. आदल्या दिवशी फोन करून त्यालाच विचारा, "बाकीच्यांना काय सांगू?" तो म्हणेल तेवढंच सांगा. पहिला आठवडा अर्धा वेळ, रात्रपाळी नाही, राहिलेल्या गृहपाठाची यादी हातात ठेवायची नाही. सकाळी पंधरा मिनिटं चहाला बसा आणि उठण्याआधी पुढच्या भेटीचा वार ठरवा. तो वार दोघांच्याही फोनमध्ये नोंदवून ठेवा.

नमस्कार.