स्पेनमध्ये घर घेतलंय? ज्या टॅक्सचं बिल येत नाही तो आधी समजून घ्या

नमस्कार मंडळी. आज मी फक्त स्पेनबद्दल बोलणार आहे, कारण परदेशात घर असलं की दरवर्षी काय भरावं लागतं याचं सगळीकडे चालेल असं उत्तर नाहीच, प्रत्येक देशाचं गणित वेगळं, आणि चार देश वरवर सांगण्यापेक्षा एक देश नीट समजलेला बरा.

स्पेनमध्ये घर घेणारे, पण राहायला दुसऱ्या देशात असणारे लोक साधारण असं धरून चालतात की नोटरीकडे सह्या झाल्या, खरेदीचा टॅक्स भरला, आता वर्षाला नगरपालिकेचं एक बिल येईल, ते बँकेतून परस्पर कापलं जाईल आणि विषय संपला. ते बिल म्हणजे आयबीआय, तिथली घरपट्टीच म्हणा. ती भरायचीच, त्यात वाद नाही, पण तिथे विषय संपत नाही, आणि नेमकं हेच कोणी वेळेवर सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं. लोक आयुष्यभराची बचत घालतात हो त्या घरात.

आयबीआयची पावती कधी नीट वाचलीय का? हातात घेऊन एकदा शांतपणे बघा. त्यावर 20 अक्षर-आकड्यांचा एक लांबलचक नंबर असतो, रेफरेन्सिया कातास्त्राल, तो तुमच्या घराचा सरकारी नंबर. त्याच्या आसपास वालोर कातास्त्राल म्हणून एक रक्कम असते, आणि बऱ्याच पावत्यांवर त्यातली जमिनीची किंमत किती, बांधकामाची किती हेही वेगळं दिलेलं असतं. ही सरकारदरबारी नोंदवलेली किंमत, बाजारभावापेक्षा बहुतेक वेळा बरीच कमी. शहरी घरांसाठी नगरपालिका या किमतीवर साधारण 0.4 ते 1.1 टक्के दर लावते, म्हणजे सारख्याच किमतीची घरं असली तरी गाव बदललं की बिल बदलतं. आणखी एक, 1 जानेवारीला घर ज्याच्या नावावर, कायद्याने त्या अख्ख्या वर्षाचा आयबीआय त्याच्यावर. जुन्या मालकाने थकवला असेल तर ती थकबाकी घराला चिकटून तुमच्यापर्यंत येऊ शकते, म्हणून घर घेताना मागच्या पावत्या मागून घ्याच, लाजू नका. कचऱ्याची फी बऱ्याच ठिकाणी वेगळी असते. सोसायटीचा मेंटेनन्स हा टॅक्स नाही, तो बाजूला ठेवा.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही स्पेनचे टॅक्स रेसिडेंट, म्हणजे टॅक्सच्या हिशोबाने तिथले रहिवासी, नाही, घर भाड्यानेही दिलेलं नाही, सुट्टीत जाऊन राहता किंवा नुसतं कुलूप लावून ठेवलंय, तरीही तिथला कायदा म्हणतो की हे घर तुम्हाला वापरायला मिळतंय म्हणजे तुमचं काहीतरी उत्पन्न आहे असं आम्ही धरणार. एक पैसा हातात आलेला नसताना उत्पन्न कसलं, असं लोक चिडून विचारतात, आणि चिडणं मला समजतं, पण हा फक्त परदेशी माणसासाठी काढलेला नियम नाही, स्पेनमध्ये राहणाऱ्यांच्या दुसऱ्या घरालाही हे मानीव उत्पन्न लागतंच.

हिशोब करून बघू. समजा पावतीवरची किंमत 80,000 युरो आहे. तुमच्या नगरपालिकेत या किमतींचं सरसकट फेरमूल्यांकन त्या वर्षी किंवा आधीच्या दहा वर्षांत लागू झालं असेल तर मानीव उत्पन्न 1.1 टक्के, म्हणजे 880 युरो, नाहीतर 2 टक्के, म्हणजे 1,600. त्यावर युरोपियन युनियन, नॉर्वे, आइसलंड आणि लिख्टेनश्टाइनमध्ये राहणाऱ्यांना 19 टक्के आणि बाकी सगळ्यांना 24 टक्के. ब्रिटनमध्ये राहणारे 2021 पासून 24 वाल्यांत आलेत. म्हणजे 880 वर 24 टक्क्यांनी 211 युरो 20 सेंट. वर्षाच्या मध्ये घर घेतलं असेल तर तेवढ्याच दिवसांचं धरायचं.

रक्कम मोठी नाही, अडचण वेगळीच आहे. याचं बिल येत नाही. कोणी पत्र पाठवत नाही, आठवण करून देत नाही, तुम्हीच मोदेलो 210 नावाचा फॉर्म भरायचा, तोही पुढच्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत, म्हणजे 2024 चा फॉर्म 2025 संपेपर्यंत. नवरा-बायको दोघांच्या नावावर घर असेल तर दोघांचे दोन वेगळे फॉर्म, आपापल्या हिश्शाचे, एकाने भरला म्हणून दुसऱ्याचा भरला गेला असं होत नाही. आणि पार्किंगला वेगळा कातास्त्राल नंबर असेल तर त्याचाही वेगळा. इथे भलेभले चुकतात.

भाड्याने दिलं असेल तर तेवढ्या दिवसांचं मानीव उत्पन्न नाही, पण मग खऱ्या भाड्यावर टॅक्स. युरोपियन युनियनमध्ये आणि वर सांगितलेल्या तीन देशांत राहणाऱ्यांना खर्च वजा करता येतो, बाकीच्यांना कायद्यात ती सवलत दिलेली नाही, त्यामुळे भाड्याचा हिशोब मांडताना एजंटने दाखवलेल्या नफ्यावर जाऊ नका. संपत्ती कर साधारणपणे माणशी 7 लाख युरोच्या वरच लागतो, बहुतेकांना तो विचार करायची गरज नाही. तुम्ही राहता त्या देशालाही हे घर कळवावं लागतं का, दोन देशांत करार आहे का, हे तिथल्या सल्लागाराकडून लिहून घ्या.

मग हा न भरलेला 210 उघडा कधी पडतो? घर विकताना. मालक नॉन-रेसिडेंट असला की खरेदीदार किमतीच्या 3 टक्के कापून थेट टॅक्स खात्याकडे भरतो, 2 लाखांच्या घरावर 6,000 युरो. तुमचा विक्रीवरचा टॅक्स त्याहून कमी असेल तर उरलेले परत मिळतात, पण परतावा मागितला की खातं तुमच्या मागच्या वर्षांचे 210 तपासू शकतं. पैसे अडकल्यावर लोक धावपळ करतात, आणि तेव्हा घाईत कागद सापडत नाहीत.

मघाशी एका काकूंनी विचारलं की आम्ही कधीच भरला नाही, आता काय. घाबरू नका. खात्याला साधारण चार वर्षं मागे जाता येतं, आणि ही चार वर्षं त्या फॉर्मची मुदत संपल्यापासून मोजतात. नोटीस यायच्या आत स्वतःहून भरलं तर दंड नाही, वाढीव आकार लागतो, सुरुवातीला 1 टक्का, मग उशिराच्या प्रत्येक पूर्ण महिन्याला आणखी 1 टक्का, आणि बारा महिने उलटले की 15 टक्के आणि वर व्याज. काकूंच्या बाबतीत मी म्हणेन, या चार वर्षांच्या मोजणीत अजून बसणारं सगळ्यात जुनं वर्ष आधी घ्या, त्या वर्षीची आयबीआयची पावती शोधा, काकांचा आणि तुमचा असे दोन फॉर्म भरा, आणि मग एकेक वर्ष पुढे या.