चार्जरमध्ये राहिलेली बॅटरी

श्रोतेहो, नमस्कार.

पहाटेची वेळ. पाणवठ्यासमोरच्या लपणात तुम्ही श्वास रोखून बसला आहात. पलीकडच्या झुडपात काहीतरी हललं, कॅमेऱ्याची कळ सरकवली, आणि पडदा काळाच. तळाचं झाकण उघडून बघता तर आत नुसता खड्डा. बॅटरी घरी, भिंतीवरच्या चार्जरमध्ये, पूर्ण भरून, दिवा लावून बसली आहे.

जंगलात कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांच्या वस्तू मागे कशा राहतात आणि राहिल्यावर काय करता येतं, एवढाच आजचा विषय.

एक गंमत बघा. तीन किलोची लांबलचक लेन्स कोणी विसरत नाही. विसरते ती ८० ग्रॅमची बॅटरी, दोन ग्रॅमचं कार्ड किंवा कॅमेरा ट्रायपॉडवर बसवायला बुडाला लावायची बोटभर पट्टी. या वस्तूंना लहान असण्यापलीकडे आणखी एक खोड आहे. कामासाठी त्यांना पिशवीबाहेर जावंच लागतं. बॅटरी चार्जरमध्ये जाते, कार्ड संगणकात जातं, पट्टी दुसऱ्या लेन्सवर किंवा दुसऱ्या ट्रायपॉडवर जाते. लेन्स पिशवीतच राहते, म्हणून ती आपोआप सोबत येते. तेव्हा ‘मी विसरभोळा आहे’ म्हणून स्वतःला बोल लावण्यात अर्थ नाही. वस्तूची जागा दोन ठिकाणी वाटली गेली आहे, ही खरी अडचण.

यावर बहुतेक जण यादी करतात. यादी वाईट नाही, पण ती फसवते. ‘बॅटरी’ या शब्दापुढे खूण करताना डोळ्यांसमोर चार्जरमधली बॅटरी असते, आणि ती आपलीच असते, म्हणून हात खूण करून मोकळा होतो. ‘कार्ड’ या शब्दाचंही तेच. यादी घरात काय आहे ते सांगते, पिशवीत काय आहे ते सांगत नाही.

त्यापेक्षा खात्रीची रीत अशी. निघायच्या आदल्या रात्री एक पांढरी चादर जमिनीवर अंथरा. काळ्या वस्तू काळ्या पिशवीत दिसत नाहीत, पांढऱ्यावर दिसतात. आता जंगलात जशी मांडणी करणार आहात तशी पूर्ण मांडणी घरातच करा. ट्रायपॉड उभा करा, त्यावर पट्टीने लेन्स बसवा, लेन्सला कॅमेरा जोडा, बॅटरी घाला, कार्ड घाला. टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्सची पोच वाढवणारा जोड, नेणार असाल तर तोही मध्ये लावा. मग समोरच्या भिंतीचा एक फोटो काढा आणि तो पडद्यावर परत उघडून बघा. फोटो दिसला, म्हणजे साखळीतली एकही कडी गळलेली नाही. यानंतर एकेक भाग सुटा करून थेट पिशवीत ठेवा. मधे टेबल नाही, पलंग नाही, ‘सकाळी ठेवतो’ नाही. बॅटरी आणि कार्ड तर कॅमेऱ्यातून काढूच नका. रात्रभर बॅटरी कॅमेऱ्यात राहिली म्हणून बिघडत काही नाही. कळ तेवढी बंद करा.

फोटो परत उघडून बघा असं मुद्दाम म्हटलं. कित्येक कॅमेऱ्यांत कार्ड नसतानाही शटर चालू देण्याची सोय असते. दुकानात गिऱ्हाइकाला कॅमेरा हाताळून बघता यावा म्हणून ती दिलेली असते. ती चालू राहिली, तर कॅमेरा कार्डाविना खटाखट आवाज करत राहतो, घेतलेलं चित्र पडद्यावर क्षणभर दिसतंही, आणि साठत काहीच नाही. कोपऱ्यात बारीकशी सूचना येते, पण समोर जनावर असताना कोपऱ्याकडे कोण बघतं? आज घरी गेल्यावर मेनू उघडा, ही सोय शोधा आणि बंद करून टाका. मग कार्ड नसलं की शटर दबतच नाही, आणि चूक पहिल्याच फोटोला कळते.

सुट्या बॅटऱ्यांचा प्रश्न उरतो. त्या रात्रभर चार्ज होत राहणार, म्हणजे पुन्हा पिशवीबाहेर. इथे दोन साध्या युक्त्या चालतात. पिशवीतल्या बॅटरीच्या कप्प्याची चेन उघडी ठेवा आणि तिच्यातून एक लाल फीत बाहेर लोंबू द्या. बॅटरी आत गेल्याशिवाय फीत आत ढकलायची नाही आणि चेन लावायची नाही. दुसरी युक्ती म्हणजे गाडीची किल्ली चार्जरला अडकवून ठेवायची. किल्लीवाचून तुम्ही निघू शकत नाही, आणि किल्ली घ्यायला गेलात की चार्जर समोर येतोच. भरलेली बॅटरी कोणती आणि रिकामी कोणती हा घोळही याच वेळी मिटवा. भरलेलीला रबरबँड लावा, वापरून झाली की काढा. अंधारात चाचपूनही कळतं.

विमानाने जाणार असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवाव्या लागतात. चेक-इन केलेल्या बॅगेत त्या चालत नाहीत. नेहमीची मर्यादा नगामागे १०० वॉट-तासांची आहे. कॅमेऱ्याची बॅटरी साधारण १६ वॉट-तासांची आणि २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक सुमारे ७४ वॉट-तासांची, म्हणजे दोन्ही मर्यादेत बसतात. घोटाळा होतो तो विमानतळावर घाईघाईने बॅगा बदलताना. बॅटऱ्या मोठ्या बॅगेतून काढून कुठल्यातरी खिशात कोंबल्या जातात आणि ते जॅकेट पुढे भलत्याच गाडीत जाऊन बसतं.

बरं, एवढं करूनही वस्तू राहिलीच, तर?

बॅटरी राहिली असेल तर आधी कॅमेऱ्याचं चार्जिंगचं भोक बघा. अलीकडच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत यूएसबी-सी जोडणी असते. त्यात दोन प्रकार आहेत. काही कॅमेरे बंद असतानाच आतली बॅटरी चार्ज करतात. काही पॉवर बँकेवर चालतही राहतात, पण त्यासाठी पॉवर बँक जास्त वॉट देणारी, ‘पॉवर डिलिव्हरी’ म्हणतात त्या जातीची लागते. आणि बहुतेकांना त्यासाठीही आत एक बॅटरी असावीच लागते, तीही अगदी संपलेली असून चालत नाही. म्हणजे एक बॅटरी आणि एक चांगली केबल हाताशी असली की सुट्या बॅटऱ्या घरी राहिल्याचं दुःख निम्मं होतं. वर सांगितलेल्या पॉवर बँकेतून, मधली गळती धरूनही, कॅमेऱ्याची बॅटरी तीनदा तरी भरते. केबल मात्र घरी तपासलेली हवी. फोनसोबतच्या सगळ्याच केबली कॅमेऱ्याला मानवत नाहीत.

थंडीत बॅटरी लवकर मान टाकते. संपल्यासारखी वाटलेली बॅटरी अंगालगतच्या खिशात वीस मिनिटं ठेवून परत घालून बघा, थोडेफार फोटो निघतात. पडद्यावर सतत फोटो उघडून बघणं बंद केलंत, तर तेवढी बॅटरीही बरीच पुरते.

कार्ड राहिलं तर सोबतच्यांच्या गाडीकडे नजर टाका. गाडीच्या पुढच्या काचेवरच्या डॅशकॅममध्ये बहुधा मायक्रोएसडी कार्ड असतं, काही फोनमध्येही असतं. ते अडॅप्टरमध्ये घातलं की साध्या एसडी कार्डासारखं चालतं. पण कॅमेरा ते आधी फॉरमॅट करायला सांगतो, आणि फॉरमॅट केलं की आतलं सगळं गेलं. तेव्हा मालकाला विचारल्याशिवाय ‘होय’ दाबू नका. असं कार्ड संथ असतं. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेलं कच्चं चित्र, साधारण २५ ते ३० एमबीची होते. सेकंदाला दहा फोटो म्हटलं तर दर सेकंदाला जवळजवळ ३०० एमबी लिहायचे, आणि या कार्डाचा वेग त्याच्या आसपासही जात नाही. दोन-तीन सेकंदांत कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण तुंबते आणि शटर अडखळायला लागतं. रॉ सोडून जेपेग घ्या, त्या फाइली लहान असतात, दोन-तीन फोटोंच्या छोट्या झडी मारा, काम भागतं.

सीएफएक्सप्रेस कार्डाचा कॅमेरा असेल तर हा उपाय लागू नाही, दोन्हींची मापंच वेगळी. दुसऱ्या खाचेत एसडी चालणारा कॅमेरा असेल, तर एक ६४ जीबीचं एसडी कार्ड कॅमेऱ्याच्या पट्ट्याला छोट्या पाकिटात कायमचं शिवून टाका. त्यावर दोनेक हजार रॉ फोटो मावतात. पट्टा काही संगणकात जात नाही, त्यामुळे कार्डही कुठे जात नाही.

ट्रायपॉडची पट्टी राहणं हा सगळ्यात चिडवणारा प्रकार. ट्रायपॉड आहे, कॅमेरा आहे, आणि दोघांची गाठ पडत नाही. इथे हमखास केली जाणारी चूक आधी सांगतो. गाडीच्या टूलबॉक्समधला एखादा सहा मिलिमीटरचा बोल्ट कॅमेऱ्याच्या बुडाला लावून बघितला जातो. कॅमेऱ्याचं भोक पाव इंचाचं असतं, इंचाला २० आटे. मेट्रिक बोल्ट त्यात एक-दोन आटे सहज जातो आणि मग अडतो, कारण आट्यांमधलं अंतर जुळत नाही. तिथे जोर लावलात तर कॅमेऱ्याचे आटे गेले, आणि ती दुरुस्ती पट्टीच्या कितीतरी पट महाग पडते.

त्यापेक्षा ट्रायपॉड बाजूला ठेवा आणि लेन्सला बूड द्या. जाड कापडाच्या रिकाम्या पिशवीत दोन-अडीच किलो धान्य किंवा कोरडी वाळू भरली की झाली बीन बॅग. ती पूर्ण फुगवायची नाही, तीन चतुर्थांशच भरायची, म्हणजे लेन्स दाबल्यावर खळगा पडतो आणि लेन्स त्यात बसते. पिशवी नसेल तर जुन्या पँटचा एक पाय घ्या, खालून गाठ मारा, भरा आणि वरून गाठ मारा. गाडीच्या खिडकीवर किंवा लपणाच्या फळीवर तर ही पिशवी ट्रायपॉडपेक्षा सोयीची, असं माझं मत आहे.

दोरीचा उपाय जुना आहे, पण उभ्याने काम करताना अजून चालतो. पाव इंची आट्यांचा आखूड बोल्ट, त्याला दोन मीटर न ताणणारी दोरी. बोल्ट कॅमेऱ्याच्या बुडात, दोरीचं टोक पायाखाली, आणि कॅमेरा वर ओढून दोरी ताठ करायची. वर-खाली होणारी थरथर चांगलीच कमी होते, डावी-उजवीकडची तितकी नाही. बोल्ट ५ मिलिमीटरपेक्षा जास्त आत जाता कामा नये, त्यासाठी त्यावर एक नट उलटा आवळून ठेवा. हा सरंजाम मुठीत मावतो. कप्प्यात टाकून द्यावा आणि विसरून जावा, म्हणजे या एका वस्तूचं विसरणं सोयीचं.

मोठी लेन्सच हाती नाही, पण दुर्बीण आहे, असंही होतं. लेन्स गटाची सामाईक असली की प्रत्येकाला वाटतं, ती दुसऱ्याने घेतली. सामाईक वस्तू कोणाच्याच नसतात. म्हणून प्रत्येक वस्तूपुढे एकाच माणसाचं नाव लिहायचं, ‘आपण घेऊ’ असं कधीच नाही. अशा वेळी दुर्बिणीच्या एका नेत्रिकेला, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाला, फोनचा कॅमेरा लावून फोटो निघतो. फोनची मुख्य लेन्स वापरा, नेत्रिकेच्या रबरी कडा वर-खाली फिरवून बघा. पडद्यावर काळ्या कड्यात अडकलेलं गोल चित्र दिसतं, योग्य अंतर साधलं की ते कडं मागे हटतं. दुर्बीण भिंतीला किंवा दांडीला टेकवा आणि शटर आवाजाच्या बटणाने दाबा, पडद्यावर टिचकी मारली की चित्र हलतं. मासिकाच्या मुखपृष्ठावर जाईल असा फोटो नाही येणार, पण पक्षी कोणता हे ठरवायला पुरतो.

चष्मा राहिला तर व्ह्यूफाइंडरशेजारची बारीक चकती फिरवा. बऱ्याच कॅमेऱ्यांत उणे ३ ते अधिक १ पर्यंत नंबर जुळवता येतो, काहींत त्याहून जास्त. आडवा नंबर मात्र त्याने भरून निघत नाही.

आणि काही गोष्टी मागे राहायला हव्या होत्या, त्या सोबत येतात. काल रात्रीचा वाढवलेला आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, लेन्सच्या कडेची मॅन्युअल फोकसची कळ, दूरचंच बघायला बांधून ठेवणारी फोकस मर्यादेची कळ. जवळ येऊन बसलेल्या पक्ष्यावर लेन्स नुसती पुढे-मागे होत राहते, ती बहुतेक वेळा या शेवटच्या कळीमुळे. लपणात बसल्याबरोबर समोरच्या दगडाचा एक फोटो काढलात तर हे सगळं उघडं पडतं.

आता परतीचं. जाताना घरी राहतं, येताना जंगलात राहतं, आणि परतताना अंधार असतो, थकवा असतो, हाक मारणारी गाडी असते. आत शिरताना वस्तू मोजा. पिशवी, ट्रायपॉड, पाण्याची बाटली, लेन्सचं झाकण, हूड, जे असेल ते. आकडा हाताच्या पंज्यावर लिहा. बाहेर पडताना तोच आकडा जमला पाहिजे. काळ्या झाकणांवर आणि आवरणांवर नारिंगी चिकटपट्टीचा दोन बोटं रुंद तुकडा लावलेला असेल, तर आकडा लवकर जमतो. तरीही एक कमी भरलीच, तर टॉर्च उभ्याने वरून मारू नका. खाली वाका, टॉर्च जवळजवळ जमिनीला टेकवून आडवा धरा आणि हळूहळू फिरवा. वरून बघताना लेन्सचं झाकण पाचोळ्यात मिसळून जातं, आडव्या उजेडात त्याची वीतभर सावली पडते.